विकणाऱ्याचे मौन

जुनी वस्तू विकत घेणे हा नव्या वस्तूच्या खरेदीहून निराळ्याच जातीचा व्यवहार आहे. नव्या वस्तूबद्दल दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही बहुतेक सारखेच अज्ञानी असतात. ती कोणी वापरलेली नसते, त्यामुळे तिच्या गुणदोषांची साक्ष कोणीच देऊ शकत नाही. जुन्या वस्तूच्या बाबतीत एकाला सारे ठाऊक असते आणि दुसऱ्याला काहीच ठाऊक नसते. शिवाय ज्याला ठाऊक असते त्याचाच फायदा गप्प बसण्यात असतो. अशा वेळी त्याने बोलावे काय? की विचारले नाही म्हणून सांगितले नाही, एवढे उत्तर पुरे आहे?

प्रश्न फार मोठ्या गोष्टींवरून सुचलेला नाही. टू-स्ट्रोक जातीच्या एका लहानशा इंजिनावरून तो सुचला. नाशिकला गंगापूर रस्त्याच्या बाजूच्या एखाद्या बंगल्यात हिरवळीवर गवत कापणारे यंत्र फिरत असते, त्याला हे इंजिन असते. तिकडे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत लहान बागाईतदाराच्या पाठीवरच्या फवारणी पंपालाही त्याच जातकुळीचे इंजिन असते. दोन्ही यंत्रे जुनी झाली की विकायला निघतात, आणि दोन्हींचे गिऱ्हाईक दोरी ओढून, आवाज ऐकून, मान हलवून पैसे मोजते. पुढे गवताचे यंत्र बंद पडले तर गवत चार बोटे वाढते, एवढेच. परंतु ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीला कोवळी फूट आलेली आहे, अवेळी पाऊस पडून गेला आहे, पाने ओली आहेत, केवड्याची भीती आहे, आणि नेमक्या त्या सकाळी पंप चालू होत नाही, तर एका माणसाचे सारे वर्ष हातचे जाते. विकणारा दोन्ही ठिकाणी सारखाच गप्प बसलेला असतो. त्या मौनाचे वजन मात्र सारखे नसते.

या इंजिनाची रचनाच अशी आहे की त्याचे दुखणे सहज दिसत नाही. मोटारीच्या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी तळाशी असते. याला ती नसते. पिस्टनच्या खालची पोकळीच पेट्रोल आणि हवा ओढून वर ढकलण्याचे काम करते, म्हणून वंगणाचे तेल पेट्रोलातच मिसळावे लागते. एखाद्या मालकाने चार वेळा तेल न घालता ते चालवले तर सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडतात. दांड्याशी असलेले सील झिजले तर नको तेथून हवा आत शिरते. मिश्रण पातळ होते, इंजिन जोरात पळते, आणि पाहणाराला वाटते की मोठे दमदार आहे. प्रत्यक्षात ते तापून अडकण्याच्या वाटेवर असते. ज्वराने गाल लाल झालेल्या माणसाला धट्टाकट्टा समजावे तसाच हा प्रकार.

यात भर घालणाऱ्या युक्त्याही आहेत. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडले की झिजलेल्या रिंगांतून निसटणारा दाब काही काळ टिकतो आणि दोरी ओढताना हाताला चांगला जोर लागतो. गिऱ्हाईक येण्यापूर्वी इंजिन गरम करून ठेवले की ते पहिल्याच ओढीला सुरू होते. ही लबाडी आहे, हे सांगायला तत्त्वज्ञ नको. खरी अडचण याच्या अलीकडची आहे. ज्याने तेल सोडले नाही, इंजिन तापवले नाही, खोटा शब्द उच्चारला नाही, फक्त ठाऊक असलेले सांगितले नाही, त्याचे काय?

आपल्या कायद्याने या प्रश्नाला १८७२ साली उत्तर दिले आहे. भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमात दोष मुद्दाम झाकणे ही फसवणूक ठरते, नुसते मौन ठरत नाही. तेथे दृष्टान्त आहे तो घोड्याचा. एक जण लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. इंजिनाची ताकद आपण आजही घोड्यांच्याच हिशेबाने मोजतो, तेव्हा हा दृष्टान्त आपल्या पंपाला अगदी चपखल बसतो. परंतु कायदा तेथेच थांबलेला नाही. घोडा घेणारी विकणाऱ्याची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणाराने म्हटले, की तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निकोप आहे असे मी धरून चालतो, तर त्यानंतरचे मौन बोलण्यासारखेच मानले जाते. हे दोन अपवाद ध्यानात ठेवावेत, कारण शेवटी आपल्याला त्यांच्याकडेच यायचे आहे.

हा वाद कायद्याहून फार जुना आहे. इ. स. पूर्व ४४ मध्ये सिसेरो या रोमन पंडिताने आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात दोन स्टोइक तत्त्वज्ञांचा मतभेद दिला आहे. घर विकायचे आहे, घरात दोष आहेत, ते मालकाखेरीज कोणाला ठाऊक नाहीत. डायोजिनीस म्हणतो, मी घ्या म्हणून आग्रह केला नाही. तुम्हाला डोळे आहेत, पाहून घ्या. न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे जर वाईट, तर जाणूनबुजून त्याला खड्ड्यात जाऊ देणे त्याहून वाईट. सिसेरोने आपला कौल अँटिपेटरच्या बाजूने दिला. पण डायोजिनीसचे म्हणणे इतके हलके नाही. आपला माल लिलावात मांडून ‘घर आरोग्याला घातक आहे, घ्या हो घ्या’ अशी दवंडी पिटणारा मनुष्य हास्यास्पद दिसेल, हे आपण कबूल केले पाहिजे.

आपल्याकडच्या स्मृतिकारांनी वाद घालण्याऐवजी मुदत घातली. याज्ञवल्क्यस्मृतीत परीक्षेचे दिवस नेमून दिले आहेत: बियाण्याला दहा, लोखंडाला एक, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नाला सात, दुभत्या जनावराला तीन. या यादीतले शहाणपण पाहण्यासारखे आहे. ज्याचा दोष जितक्या उशिरा उघडा पडतो, तितकी मुदत अधिक. लोखंड एका दिवसात कळते. बैल गाडीला जुंपून पाहावा लागतो. आता आमच्या इंजिनाला काय म्हणावे? धातू म्हणून ते लोखंडात मोडते, पण काम ते बैलाचे करते आणि बैलासारखाच आपला आडमुठेपणा चार दिवस लपवून ठेवते. मला वाटते, याज्ञवल्क्याने त्याला पाच दिवस दिले असते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो घ्यायलाच हवा. घेणारा तरी कोठे सगळे बोलतो? एखादी बाई नवऱ्याच्या मागे अडगळीत पडलेला पंप विकायला काढते. तो चालू होत नाही, म्हणून मोडीच्या भावात द्यायला ती तयार आहे. घेणारा कसबी मिस्त्री असतो. सुकलेल्या पेट्रोलाचा चिकटा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसला आहे, एवढेच दुखणे आहे, हे तो एका नजरेत ओळखतो. तासाभराच्या सफाईने तो पंप ठणठणीत होईल. त्याने हे सांगावे काय? सांगावे म्हटले तर वर्षानुवर्षे हात काळे करून मिळवलेल्या विद्येला किंमत उरत नाही. न सांगावे म्हटले तर विकणाऱ्याच्या मौनाला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

मला वाटते, या दोन मौनांत एक फरक आहे. मिस्त्रीचे ज्ञान त्याचे स्वतःचे आहे. ते त्या पंपातून आलेले नाही. शेकडो पंप उघडल्याने ते आले, आणि दुसऱ्या कोणत्याही मिस्त्रीला दाखवून ते त्या बाईला मिळवता येते. विकणाऱ्याचे ज्ञान निराळे. गेल्या वैशाखात इंजिन तापून अडकले होते, दोनदा तेलाशिवाय चालले होते, हे त्याला कोणत्याही कसबामुळे समजलेले नसते. यंत्र त्याच्या घरात होते म्हणून ते समजले. हा त्या यंत्राचा इतिहास आहे, आणि वस्तूचा इतिहास हा वस्तूचाच भाग असतो. यंत्र विकून त्याचा इतिहास स्वतःजवळ ठेवणारा मनुष्य माप मारणाऱ्या दुकानदारासारखा आहे. त्याने विकले एक शेर आणि दिले पाऊण शेर.

तरीही मिस्त्री सर्वस्वी सुटला असे नाही. ती बाई जर विचारील, की दादा, याची खरी किंमत काय होईल, तर त्या क्षणी ती त्याच्या विद्येवर विसंबली. विसंबलेल्या माणसापुढे कसबाचा हक्क सांगता येत नाही. शांतिपर्वात जाजली नावाचा तपस्वी आहे. त्याच्या जटांत पाखरांनी घरटे केले तरी तो हलला नाही, आणि या तपाचा त्याला गर्व झाला. धर्म शिकायला त्याला काशीच्या तुलाधार वाण्याकडे जावे लागले. त्या वाण्याची थोरवी एवढीच की त्याचा तराजू सर्वांना सारखा होता. धर्म शिकवायला व्यासांनी दुकानदार निवडला, यात फार मोठा अर्थ आहे. रानात एकट्याने सत्य पाळणे सोपे असते, कारण तेथे कोणाला काही विकायचे नसते.

आता त्या दोन अपवादांकडे येऊ. नाते असेल तर सांगावे, आणि विश्वासाने विचारले असेल तर मौन हेच बोलणे, असे कायदा म्हणतो. आमच्या बाजारात मनुष्य इंजिनाची दोरी ओढतो, आवाज ऐकतो, आणि हटकून एकच वाक्य बोलतो: “दादा, काही खोड नाही ना?” अनोळखी माणसाला तो दादा म्हणतो आणि प्रश्नाच्या शेवटी ‘ना’ लावतो. एका ओळीत त्याने नातेही जोडले आणि विश्वासही टाकला. दादा ही नुसती बोलण्याची रीत आहे, असे वकील म्हणतील, आणि न्यायालयात ते जिंकतीलही. परंतु ती हाक ऐकून ज्याने पैसे खिशात घातले, त्याने ती रीत मान्य केली आहे. दादा म्हणवून घ्यायचे असेल, तर गेल्या वैशाखात काय झाले ते सांगितले पाहिजे. मग शंभर-दोनशे रुपये कमी मिळाले तरी चालतील. तेवढी किंमत द्यायची नसेल, तर निदान म्हणावे, “मला दादा म्हणू नका; बघून घ्या.” हे वाक्य उच्चारायला किती जड जाते, ते ज्याचे त्याने म्हणून पाहावे.