‘गंभीर जखमी’नंतरचा हिशोब

‘दुचाकी घसरून एक ठार, एक गंभीर जखमी’ ही जिल्हा पानावरची रोजची बातमी. जो गेला त्याचं तेरावं होतं, विम्याचे कागद हलतात. गंभीर जखमीचं पुढे काय झालं हे मात्र कधी छापून येत नाही. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. या जखमींपैकी कितीजण कामावर परतले आणि कितीजणांना आज आई भरवते, हे त्या अहवालात शोधूनही सापडणार नाही.

डोक्याला मार लागल्यानंतरचे पहिले दिवस आता पूर्वीइतके निराधार राहिलेले नाहीत. मेंदूला सूज चढली तर सर्जन कवटीचा तुकडा काढतात, बऱ्याचदा रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात आणि काही महिन्यांनी परत बसवतात. पैशाचीही थोडी सोय झाली आहे. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्तावर सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार होऊ शकतात. योजना चांगलीच आहे. पण मेंदूचं दुखणं सात दिवसांचं नसतं. सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत जास्त असतो, नंतरही ती दोन-दोन वर्षं आणि त्यापुढे रेंगाळत चालू राहते. म्हणजे ज्या काळात उपचाराचं सर्वाधिक चीज होणार, नेमका तोच काळ घरच्यांच्या खिशावर सोडलेला.

डिस्चार्ज मिळतो तेव्हा गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची नळी असते, नाकात राइल्स ट्यूब. सक्शन मशीन, एअर बेड, डायपर, फिट येऊ नये म्हणून गोळ्या, फिजिओथेरपिस्टची घरी व्हिजिट, असं सगळं महिन्याच्या खर्चात येऊन बसतं. मेडिक्लेम डिस्चार्जनंतर साधारण साठ ते नव्वद दिवस साथ देतो, तीही बिलं नीट जपली असतील तर. मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोचा माणूस बारा तासांचा, उरलेले बारा तास बायकोचे. थोड्याच दिवसांत ब्युरो परवडेनासा होतो आणि चोवीस तास तिचेच होतात. तिने सोडलेल्या नोकरीचा पगार कुठल्याच बिलात दिसत नाही. माझ्या मते या दुखण्याची सगळ्यात मोठी रक्कम तीच आहे.

जो उठून चालू लागतो त्याची कथा आणखी चमत्कारिक. भेटायला येणारे म्हणतात, “अहो, चांगला तर आहे की!” हातपाय धड, बोलणंही ठीक. तो चहा करायला उभा राहतो, गॅस पेटवतो, दूध काढायला फ्रिज उघडतो आणि दार धरून तिथेच थांबतो. पुढे काय करायचं हे त्याला उमगत नाही. कपाळामागचा भाग दुखावला की कामाचा क्रम लावणं, राग आवरणं, स्वतःहून काही सुरू करणं, सगळंच बिघडू शकतं. मग घरात त्याला आळशी ठरवतात आणि ऑफिसात तापट. २०१६च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार आहेत. मेंदूची इजा त्यांत स्वतंत्रपणे नाही. तिला चालण्याच्या, वाचेच्या किंवा मानसिक आजाराच्या रकान्यात बसवून दिव्यांगत्वाचे चाळीस टक्के जमवावे लागतात. अशा माणसाला हवा असतो ऑक्युपेशनल थेरपिस्ट, न्यूरोसायकॉलॉजिस्ट. मुंबईत हाजी अलीची सरकारी पुनर्वसन संस्था आहे, बेंगळुरूला निम्हान्स. जत किंवा किनवटच्या कुटुंबासाठी तिथली आठवड्याची अपॉइंटमेंट म्हणजे शहरात खोली घेऊन राहणं.

जिथे आयसीयूची खाटच मिळत नाही तिथे पुनर्वसनाचा लाड कशाला, असा प्रश्न येतो. तो खोटा नाही. पण आयसीयूत लाखो रुपये घालून वाचवलेला माणूस घरी कुशीवर न वळवल्यामुळे बेडसोअर होऊन पुन्हा दाखल होतो, तेव्हा तो खर्च दुसऱ्यांदा होतो. कूस बदलायला आणि आखडलेला घोटा रोज हलवायला यंत्र लागत नाही, शिकलेला माणूस लागतो.

सांभाळण्यालाही किंमत असते, हे न्यायालयांना उमगलं आहे. २००७ मध्ये ट्रकच्या धडकेत डोक्याला मार लागलेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२०च्या फेब्रुवारीत भरपाई सुमारे ६२ लाखांवर नेली. त्यात दोन मदतनीसांचे दरमहा पाच-पाच हजार आणि त्यांना अठराचा गुणक, म्हणजे २१ लाख ६० हजार निव्वळ सांभाळण्याचे धरले. निकाल यायला तेरावं वर्ष उजाडलं, ही गोष्ट वेगळी. शिवाय समोर दुसरं वाहन होतं म्हणून दावा उभा राहिला. खड्ड्यात गाडी घसरून पडलेल्याने कुणाच्या थर्ड पार्टी विम्यावर दावा लावायचा?

म्हणून हे काम अपघात-भरपाईच्या न्यायाधिकरणावर सोडून भागणार नाही. २०१६च्याच कायद्याचं कलम २४ जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख करतं. केरळने ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्याची देखभाल करणाऱ्यासाठी महिना ६०० रुपये ठरवले. त्यात महिन्याचे डायपरही येणार नाहीत, पण हे काम आहे एवढं तरी त्या राज्याने लिहून दिलं. महाराष्ट्राने हा भत्ता द्यायचा तर तो निदान किमान वेतनाशी जोडावा आणि थेट सांभाळणारीच्या खात्यात जमा करावा.