अनसूया : नावे न ठेवणारीचे नाव

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष पौर्णिमेला सूर्य मावळायच्या सुमारास गावोगावच्या दत्तमंदिरांत पाळणा हलतो, फुले उधळली जातात, सुंठवडा हातावर पडतो. त्या वेळी पाळण्यातल्या बाळाबरोबर आणखी एक नाव सगळ्यांच्या तोंडी येते, ते म्हणजे माता अनसूयेचे. पण घरी येऊन देवघरातली तसबीर जरा बघा. तीन मुखे, सहा हात, मागे गाय, पायाशी चार श्वान, वर औदुंबराची सावली. सगळे आहे, आई मात्र नाही. आई असते ती महाराजांच्या नावांत. अत्रिनंदन म्हणतो, तसे अनसूयानंदन म्हणतो. म्हणून यंदा जयंतीच्या निमित्ताने आईच्या नावाचाच थोडा विचार करू.

अनसूया म्हणजे अन् अधिक असूया. जिच्या ठायी असूया नाही ती. बहुतेक जण असूया म्हणजे मत्सर असे सांगून पुढे जातात, पण आपल्या पूर्वजांनी शब्द फार तोलून वापरले आहेत. पाणिनीच्या एका सूत्रात क्रोध, द्रोह, ईर्ष्या आणि असूया ही चार वेगवेगळी नावे एकापाठोपाठ येतात. दुसऱ्याचे चांगले झालेले सहन न होणे ही ईर्ष्या. असूया त्याच्या पुढची पायरी आहे. अमरकोशाने तिचा अर्थ सांगितला आहे तो असा, की दुसऱ्याच्या गुणांवरसुद्धा दोषाचा आरोप करणे. म्हणजे ईर्ष्या पोटात जळते, आणि असूया तोंडाने बोलते.

आपल्या मराठीत यासाठी किती नेमका शब्दप्रयोग आहे बघा. बारशाला आपण बाळाचे नाव ठेवतो. आणि उरलेले आयुष्य एकमेकांना नावे ठेवतो! नाव ठेवणे आणि नावे ठेवणे, एका मात्रेचा फरक. अमरकोशाची व्याख्या मराठीत आणायची तर असूया म्हणजे चांगल्यालाही नावे ठेवणे, आणि अनसूया म्हणजे नावे न ठेवणारी.

हे नाव तिला मिळाले कुठे? भागवताच्या तिसऱ्या स्कंधात कर्दम ऋषी आणि देवहूती यांच्या नऊ कन्यांची नावे येतात. कला, अनसूया, श्रद्धा, हविर्भू, गती, क्रिया, ख्याती, अरुंधती आणि शांती. कपिल मुनी हे त्यांचे धाकटे बंधू. यातल्या कला, श्रद्धा, शांती आजही आपल्या घराघरांत आहेत. या बहिणींच्या नावांत बहुतेक ठिकाणी काहीतरी आहे असे सांगितलेले दिसते. कला आहे, श्रद्धा आहे, ख्याती आहे, शांती आहे. अनसूयेच्या नावात मात्र काय नाही ते सांगितले आहे. तिचे लग्न झाले अत्रींशी, आणि त्यांच्या नावाचा अर्थ आपल्या परंपरेत लावतात तोही अ-त्रि, तीन गुणांच्या पलीकडचा, असा. नवऱ्याच्या नावात ‘नाही’, बायकोच्या नावात ‘नाही’, आणि अशा रिकाम्या, स्वच्छ घरात जो आला त्याचे नाव दत्त, म्हणजे दिलेला. भगवंतांनी ‘मी स्वतःला तुम्हाला दिले’ असे म्हटले म्हणून ते दत्त, असे भागवत सांगते. घर भरलेले असेल तर देणारा ठेवील कुठे?

आता श्रीगुरुचरित्राच्या चौथ्या अध्यायातली जन्मकथा या अर्थाने पुन्हा आठवा. अनसूयेच्या पातिव्रत्याचे सामर्थ्य पाहून देवांना धास्ती वाटली आणि ते गाऱ्हाणे घेऊन त्रिमूर्तींकडे गेले. कीर्तनकार सांगतात त्या कथेत नारदांच्या तोंडून तिची स्तुती ऐकून तिन्ही देवींना ती सोसवली नाही. कथा कोणतीही घ्या, सुरुवात एकच. कुणाच्या तरी गुणाचा बोलबाला झाला आणि तो गुण खोटा ठरवायला माणसे निघाली, नव्हे, देव निघाले. अनसूयेच्या दारात अतिथीच्या वेषात असूयाच येऊन उभी राहिली होती.

मागणी काय, तर विवस्त्र होऊन आम्हाला जेवायला वाढ. दुसरी कुणीही असती तरी म्हणाली असती, हे कसले साधू, हे तर लबाड! आणि तसे म्हणण्याचा तिला पुरेपूर अधिकार होता. तिने काय केले? अतिथी विन्मुख जाता कामा नये आणि माझे मन निर्मळ असताना मला भय कशाचे, असा विचार करून तिने त्यांच्याकडे आईच्या नजरेने पाहिले. ते तिच्यात दोष शोधायला आले होते, तिला त्यांच्यात भुकेली लेकरे दिसली. आणि तिला दिसली तसे ते झाले! या कथेतला चमत्कार माझ्या मते इथे आहे. आपण समोरच्याला ज्या नजरेने बघतो, त्याला तसे होण्याची वाट आपण मोकळी करतो.

पुढचे आपल्याला पाठ आहे. तिने बाळांना पाजले, अत्रिऋषी आले, पाळणा झाला, तिन्ही देव प्रकट झाले. ब्रह्मा चंद्र झाले, शंकर दुर्वास झाले, विष्णू दत्त झाले. वर मागताना तिने आलेल्यांचा पाणउतारा मागितला नाही. तुम्ही मुले होऊन इथेच राहा, एवढेच त्या दोघांनी मागितले.

वाल्मीकी रामायणात हीच अनसूया म्हातारी झालेली भेटते. अयोध्याकांडाच्या शेवटी राम, सीता, लक्ष्मण अत्रींच्या आश्रमात येतात. केस पांढरे, अंगाला कंप. तप एवढे, की दहा वर्षे पाऊस नव्हता तेव्हा हिने कंदमुळे पिकवली आणि गंगा वाहती केली. समोर उभी आहे ती कोवळी राजकन्या. म्हातारी तिला पातिव्रत्याचा उपदेश करते, हे सगळे सांगतात. पुढचे सांगत नाहीत. ती सीतेचे तोंडभर कौतुक करते, तिला वस्त्रे, अलंकार, माळा, उटणे देते आणि म्हणते, माझ्यासमोर घालून दाखव, मला बरे वाटेल. तिच्याच तोंडून तिच्या स्वयंवराची हकीकतही आवडीने ऐकून घेते. उतारवयात तरुण पोरीचा साजशृंगार बघून ‘आमच्या वेळी नव्हते हो असले’ न म्हणता जिला आनंद होतो, ती अनसूया. घरात सून आलेल्या प्रत्येक बाईने आणि प्रत्येक सासऱ्यानेही हा प्रसंग एकदा वाचावा.

एक शंका येईल. मग वाईटालाही चांगले म्हणायचे का? चूक दाखवायचीच नाही का? तसे नाही. मी जन्मभर बँकेत खाती जुळवली. बेरीज चुकली तर चुकली म्हणावेच लागते, त्याला असूया म्हणत नाहीत. दोषाला दोष म्हणणे हा विवेक, गुणाला दोष म्हणणे ही असूया. अनसूया नावाच्याच एका थोर स्त्रीचे उदाहरण देतो. अहमदाबादच्या अनसूया साराभाई यांचा जन्म १८८५ चा. १९१८ साली तिथल्या गिरणी कामगारांनी ३५ टक्के पगारवाढीसाठी संप केला तेव्हा त्या गांधीजींबरोबर कामगारांच्या बाजूने उभ्या राहिल्या, आणि गिरणीमालकांचे पुढारी होते त्यांचे सख्खे भाऊ अंबालाल. १९२० साली मजूर महाजन संघ उभा राहिला त्यातही त्यांचा मोठा वाटा. अनसूया असणे म्हणजे गप्प बसणे नव्हे, हे यावरून कळावे.

असूया ओळखायची कशी? सोपी खूण सांगतो. ती ‘पण’ या शब्दात राहते. “शेजाऱ्यांच्या मुलीला चांगले मार्क पडले.” “हो, पण क्लास केवढा महागडा लावला होता!” “अमक्याला बढती मिळाली.” “हो, पण साहेबांच्या मागेपुढे किती असायचा!” “सुनेने पुरणपोळ्या छान केल्या.” “हो, पण किती वेळ लावला!” प्रत्येक वेळी गुण समोर आला आणि आपण त्यातून काहीतरी वजा केले. कॉमर्सचा विद्यार्थी म्हणून एवढे नक्की सांगतो, दुसऱ्याच्या खात्यातून वजा केल्याने आपल्या खात्यात एक पैसाही जमा होत नाही.

आता नावाकडे. आमच्या आजीच्या पिढीत हे नाव गल्लीगल्लीत होते. कुणी अनसूया, कुणी अनुसया, कुणी अनुसूया, हाक मारताना अनसाबाई नाहीतर नुसती अनू. काउंटरवर पेन्शनला येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पासबुकात एक, रेशनकार्डावर दुसरे आणि आधारवर तिसरे अशी ही नावे मी पाहिली आहेत. त्या एका उकारापायी त्यांना हेलपाटे पडायचे. शुद्ध रूप अनसूया, कारण त्यातला ‘अन्’ म्हणजे नाही, तोच नावाचा प्राण आहे. पण अनुसया म्हणणाऱ्या माउलीला आपण हसू नये. हसलो तर त्याच क्षणी नावे ठेवली ना!

आज बारशाला हे नाव क्वचित कानी पडते. ओळखीच्या एका घरी नात झाली. पणजीचे नाव अनुसया, आजीची फार इच्छा, की तेच ठेवावे. मुलीचे आईवडील म्हणाले, “शाळेत मुले चिडवतील हो, फार जुने वाटते.” दोन दिवस घरात अबोला. शेवटी पणजीच म्हणाली, “अगं, तुम्हाला आवडेल ते नाव ठेवा. फक्त तिला पुढं कुणाशी ताडून बघू नका. हिची उंची, तिचा रंग, हिचे मार्क, तिचे मार्क असलं काही तिच्या कानावर घालू नका.” नाव दुसरेच ठेवले गेले. पण अनसूया त्या घरात कोण, हे सगळ्यांना कळले.

आणि पुरुषांनी हे केवळ बायकांचे नाव म्हणून सोडून देऊ नये. गीतेच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी भगवान अर्जुनाला सर्वांत गुह्य ज्ञान सांगायला घेतात, तेव्हा त्याच्या पराक्रमाचा उल्लेख करत नाहीत. तू अनसूयु आहेस, असूयारहित आहेस, म्हणून तुला सांगतो, असे म्हणतात. गौतम धर्मसूत्रात आत्म्याचे आठ गुण सांगितले आहेत, त्यांत दया आणि क्षमा यांच्या लगेच पुढे अनसूया येते. ज्ञान मिळवायला जी पात्रता अर्जुनाला लागली, तीच देव पोटी यायला अनसूयेला लागली. गुरुकृपा हवी असेल तर आपल्यालाही तीच लागणार.

माहूरला रेणुकामातेचे आणि दत्तशिखराचे दर्शन घेतल्यावर पुष्कळ जण दमून परततात. पुढे अनसूया शिखर आहे. जमेल त्यांनी तेवढी वाट चालावी. ज्यांना जमणार नाही त्यांनी यंदाच्या जयंतीला घरीच एक नेम करावा. पौर्णिमा ते पौर्णिमा, एक महिना, कुणाचे चांगले कानावर आले की ‘वा, छान झाले’ म्हणायचे आणि तिथेच थांबायचे. पुढचा ‘पण’ गिळायचा. पारायणाइतकेच हे अवघड आहे, करून बघा. ज्या दिवशी तो ‘पण’ मनातही उठणार नाही, त्या दिवशी आपल्या घरात पाळणा हलला असे समजावे.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!