सूर्याने दिलेली छत्री

महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना विचारतो, की श्राद्धात व इतर पुण्यकर्मांत छत्री आणि पादत्राणे दान करण्याची रीत कोणी घालून दिली; त्याच्या उत्तरादाखल भीष्म जमदग्नी ऋषी आणि त्यांची पत्नी रेणुका यांची कथा सांगतात. ज्येष्ठातल्या उन्हात जमदग्नी केवळ क्रीडा म्हणून बाण सोडीत होते आणि रेणुका ते वेचून आणून देत होती. माध्यान्ही डोके आणि पाय पोळू लागले तशी ती क्षणभर झाडाखाली थांबली, तिला उशीर झाला, आणि उशिराचे कारण ऐकताच ऋषींनी सूर्यावरच बाण रोखला. ब्राह्मणवेषात आलेल्या सूर्याने आपली बाजू मांडली, ती अशी की आपण जे रस शोषून घेतो तेच पावसाळ्यात परत देतो आणि त्यातूनच अन्न पिकते. अखेर तो शरण आला. जमदग्नींनी अभय दिले, परंतु या तापातून वाट काढण्याचा उपाय सांगण्याची अट घातली, तेव्हा सूर्याने स्वतःच्या हाताने छत्री आणि पादत्राणे दिली.

देवता मानलेल्या तेजापासून अंग झाकणे ही श्रद्धेची उणीव ठरते काय, या प्रश्नाला परंपरेने दिलेले हे उत्तर आहे, आणि ते एकटे नाही. विष्णुपुराणात सूर्याची पत्नी संज्ञा त्याचे तेज न साहून आपल्या जागी छायेला ठेवून निघून जाते; पुढे विश्वकर्मा सूर्याला चक्रयंत्रावर चढवून त्याच्या तेजाचा आठवा अंश तासून काढतो आणि त्या तासलेल्या तेजातूनच विष्णूचे चक्र घडते. पूज्य वस्तू निरुपद्रवी असलीच पाहिजे असा आग्रह या कथाकारांनी धरला नाही, ही गोष्ट आजच्या भाबड्या निसर्गभक्तीपेक्षा बरीच प्रौढ म्हटली पाहिजे.

या पूज्य तेजाचा उपद्रव आज नेमका सांगता येतो: सूर्यप्रकाशातील ज्या अदृश्य भागाने त्वचेला इजा होते त्याला अतिनील किरण म्हणतात. त्यांपैकी सर्वांत लघुलहरींचे किरण वातावरणातील ओझोन अडवतो. उरलेल्यांपैकी ‘बी’ प्रकारचे किरण पेशीतील डीएनए या आनुवंशिक रेणूवर पडले, की त्यातील शेजारशेजारचे दोन घटक एकमेकांना चिकटतात आणि पेशीविभाजनाच्या वेळी मजकूर चुकीचा उतरण्याची शक्यता निर्माण होते. ‘ए’ प्रकारचे किरण त्वचेत अधिक खोल जातात आणि त्यांची इजा बहुतांशी अप्रत्यक्ष असते. चिकटलेला भाग कापून तेथे नवा जोडण्याची व्यवस्था पेशीत असते, आणि या दुरुस्तीचे टप्पे उलगडल्याबद्दल अझीझ संजार यांना २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. तरीही काही चुका निसटतात, साठत जातात, आणि बेसल सेल वा स्क्वॅमस सेल या नावांनी ओळखले जाणारे त्वचेचे कर्करोग बहुधा उतारवयात, कित्येक दशकांनंतर दिसू लागतात.

कर्म आणि फळ यांच्यातील हे दीर्घ अंतर पाहून कोणालाही संचिताची, म्हणजे साठून राहिलेल्या व अद्याप न भोगलेल्या कर्माची आठवण होईल, परंतु हे साम्य फार ताणणे धोक्याचे आहे. कर्मविपाकाच्या ग्रंथांनी त्वचारोगांना पूर्वपापांची फळे म्हणून क्रम लावून दिला आणि सांबपुराणात कृष्णपुत्र सांबाला शापाने कुष्ठ होते, जे पुढे सूर्योपासनेनेच बरे होते. या मांडणीत रोग हा दोषाचा पुरावा बनतो. झेरोडर्मा पिगमेंटोझम हा जन्मजात विकार असलेल्या मुलांत डीएनएच्या दुरुस्तीची ती व्यवस्थाच सदोष असते, असे १९६८ मध्ये जेम्स क्लीव्हर यांनी दाखवले, आणि अशा मुलांना पहिल्या दशकातच त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. तिथे कोणाचे कर्म पिकले, हा प्रश्न विचारणेच क्रूर आहे. प्रकाशाकडेही शिक्षेची वा कृपेची बुद्धी चिकटवता येत नाही, कारण बावचीचा लेप लावून ऊन घेण्याच्या जुन्या उपचारामागील द्रव्य, म्हणजे सोरालेन, ‘ए’ किरणांसह वापरून कोडाचे डाग भरून आणता येतात आणि तोच उपचार दीर्घकाळ चालल्यास कर्करोगाची शक्यताही वाढते.

भारतीयांच्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरणांचा बराचसा भाग शोषून घेत असल्याने येथे हे कर्करोग गोऱ्या कातडीच्या लोकांच्या मानाने पुष्कळ कमी आढळतात, आणि मेलॅनोमा हा अधिक घातक प्रकार सावळ्या त्वचेत तळपायावर किंवा नखाखाली, म्हणजे उन्हाशी फारसा संबंध नसलेल्या जागी अधिक दिसतो. त्यामुळे येथील सनस्क्रीनचा आणि दुचाकीवरच्या स्कार्फचा उद्योग पुष्कळसा गोरेपणाच्या चिंतेवर चालतो, आरोग्याच्या नव्हे. मेलॅनिनचा अभाव असलेल्या जन्मतः वर्णहीन माणसांना मात्र हे संरक्षण मुळीच नसते. त्यांच्यासाठी पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी, दुपारची सावली आणि दर दोन तासांनी पुन्हा लावायचे मलम ही आयुष्यभराची निकड असते.

ऊन टाळणे ज्यांच्या हाती नसते त्यांचा विचार करताना मूळ कथेचा एक दुर्लक्षित धागा हाती लागतो. रेणुका स्वेच्छेने उन्हात उभी नव्हती. बाण जमदग्नींचे होते, खेळ त्यांचा होता, आणि राग मात्र त्यांनी आकाशावर काढला. माहूरगडावर जिची पूजा होते त्या देवीच्या नावाने आलेल्या या कथेत सूर्याचा जबाब घेतला जातो, परंतु ज्यांच्या आज्ञेने पत्नी भर दुपारी धावत होती त्यांना कोणी काही विचारीत नाही. भीष्मही छत्री-पादत्राणांच्या दानाला पात्र म्हणून ज्याचे पाय पोळत आहेत अशा व्रतस्थ ब्राह्मण स्नातकाचा, म्हणजे अध्ययन संपवून आलेल्या द्विजाचा निर्देश करतात; पोळणाऱ्या पायांची दखल ग्रंथाने घेतली, पण शेतात वा खडीवर राबणारे पाय त्या दखलेच्या कक्षेबाहेर राहिले. सावली हे दान मानले, की ती देणाऱ्याच्या पुण्याची बाब होते. ती काम करवून घेणाऱ्याचे देणे आहे असे मानले, तर हिशेब निराळ्या रीतीने मांडावा लागतो. जर्मनीने २०१५ पासून उघड्यावरील कामात सूर्याच्या अतिनील किरणांमुळे होणारा स्क्वॅमस सेल कर्करोग व्यवसायजन्य रोगांच्या यादीत घेतला आहे. भारतातील १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात डांबर, पिच व खनिज तेल यांमुळे होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद होती, उन्हाची नव्हती.