‘निसर्गदत्त’ या विशेषणाची नीती

क्रीडाविषयक लेखनात ‘निसर्गदत्त’ हे विशेषण निर्भेळ स्तुतीचे मानले जाते. परंतु त्याचे वाटप समान नसते. शहरी, सुस्थित खेळाडूच्या यशाचे श्रेय जिद्द, बुद्धी आणि तंत्र यांना मिळते. कृष्णवर्णीय किंवा आदिवासी स्त्रीच्या यशाचे कारण मात्र तिच्या देहात, वंशात वा डोंगरात शोधले जाते. हा भेद केवळ शैलीचा मानावा की न्यायाचा?

१९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये विल्मा रुडॉल्फ या कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटूंनी तीन सुवर्णपदके मिळवली, तेव्हा इटालियन वृत्तपत्रांनी त्यांना ‘काळी हरिणी’ म्हटले. हरिणीला धावणे शिकावे लागत नाही. रुडॉल्फ यांना ते अक्षरशः शिकावे लागले होते. बालपणी झालेल्या पोलिओमुळे त्यांच्या पायाला काही वर्षे आधार बांधावा लागे. घरच्यांनी पाळीपाळीने केलेले मर्दन आणि पुढे प्रशिक्षक एड टेम्पल यांनी करवून घेतलेला सराव या रूपकात लुप्त होतो. इतिहासाला निसर्गाचे रूप देणे हे रोलाँ बार्थ यांनी १९५७मध्ये मिथकाचे कार्य म्हणून सांगितले. ते येथे स्पष्ट दिसते.

भारतात ही धारणा शासकीय योजनेतही उतरली. उत्तर कन्नड जिल्ह्यातील आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातून भारतीय क्रीडा प्राधिकरणाने १९८७पासून मुले-मुली निवडली. वेग वंशातच असतो, हे त्यामागील गृहीतक होते. १९९३मध्ये उपक्रम बंद पडला आणि अनेकांचा खेळही सुटला. वेग रक्तातच असता, तर प्रशिक्षण थांबल्याने काय बिघडले असते?

महाराष्ट्रात हाच व्यूह अधिक सौम्य रूपात आढळतो. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१०मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. ‘सावरपाडा एक्सप्रेस’ या बिरुदाबरोबर पाण्यासाठीची पायपीट आणि अनवाणी डोंगरवाटा यांचे वर्णन ठरल्याप्रमाणे येते. मात्र पाण्यासाठी पायपीट पाड्यापाड्यांतील असंख्य स्त्रिया करतात. त्या सर्व पदकविजेत्या होत नाहीत. तेव्हा पायपीट हे यशाचे पुरेसे कारण नव्हे. ती निसर्गाची देणगीही नव्हे; दारी नळ नसल्याचा तो परिणाम आहे. अभावालाच वरदान म्हटले, की तो दूर करण्याची निकड ओसरते, आणि विजेंद्र सिंग यांच्यासारख्या प्रशिक्षकाच्या हाताखाली वर्षानुवर्षे केलेला सराव दुय्यम ठरतो.

परिस्थितीचा उल्लेखच करू नये, असा याचा अर्थ नव्हे. देह आणि भूगोल यांनाही यशात वाटा असतो. पण तो प्रत्येक खेळाडूच्या बाबतीत असतो. काहींच्याच बाबतीत त्याला संपूर्ण स्पष्टीकरण मानणे म्हणजे त्यांचे कर्तेपण नाकारणे होय. निसर्गाने धाववलेल्या व्यक्तीचे कौतुक करता येते, तिला श्रेय देता येत नाही. आणि जिला श्रेय नाही, तिच्याविषयी समाजाचे कोणतेही देणे उरत नाही. म्हणूनच स्तुतीची भाषा तपासणे हे समीक्षेइतकेच नीतीचेही काम ठरते.