फळ, अग्नी आणि उत्तरदायित्व

भंडारा जिल्ह्यातील पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले आणि या प्रदेशातील भिक्षुसंघाच्या प्राचीन वास्तव्याला पुरावा मिळाला. दानात आलेले फळ भिक्षूने केव्हा खावे, हा प्रश्न त्या संघाच्या आचारनियमांचा संग्रह असलेल्या विनयपिटकात आला आहे. त्यातील चुल्लवग्गात बिंबिसार राजाच्या बागेतील आंबे काही भिक्षूंनी कोवळ्या फळांसकट संपवल्याची कथा असून, तिच्या अनुषंगाने आधी आंब्याला मनाई आणि पुढे पाच प्रकारे योग्य झालेल्या फळाला अनुमती दिलेली आहे: अग्नीचा, शस्त्राचा किंवा नखाचा स्पर्श झालेले, मुळातच बी न धरलेले आणि बी काढून टाकलेले. रुजण्याची शक्ती असलेल्या बीजाचा नाश भिक्षूच्या हातून होऊ नये, हा या अनुमतीमागचा हेतू होय.

येथील अग्निस्पर्श प्रतीकात्मक आहे, कारण एकमेकांना चिकटून असलेल्या फळांच्या राशीतील एका फळाला तो झाला तरी सर्व रास योग्य ठरते, असे अट्ठकथा, म्हणजे पाली भाष्ये, सांगतात. आजच्या निर्यातीच्या आंब्याला मात्र ही सवलत नाही. फळमाशी सालीखाली अंडी घालते आणि अळ्या गरावर वाढतात. त्यांचा नाश व्हावा म्हणून जपानसाठी बाष्पोष्ण प्रक्रियेत, म्हणजे संपृक्त उष्ण हवेत, गराचे तापमान ४७.५ अंश सेल्सिअसवर २० मिनिटे राखतात, तर युरोपसाठी फळे ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटे ठेवण्याची पद्धत आहे. युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये भारतीय आंब्यावर घातलेली बंदी २०१५ च्या आरंभी उठली, तेव्हा वाशी येथील कृषी पणन मंडळाच्या केंद्रासारख्या सुविधांचे महत्त्व वाढले. धानाच्या तणसात घातलेल्या आढीत फळांच्या श्वसनाची ऊब आणि इथिलीन हा पक्वताकारक वायू साचून आंबा पिकतो, परंतु याहून तीव्र उष्णता इथिलीनची निर्मिती मंदावते आणि करप्याच्या बुरशीलाही आवर घालते. मात्रा चुकल्यास साल भाजते व गर असमान पिकतो.

यातून उभा राहणारा प्रश्न असा की फळ निर्दोष करण्यासाठी त्याच्या आतील जीव मारले जात असतील, तर त्या फळाला निर्दोष म्हणावे काय. बौद्ध विचारात हेतू, म्हणजे चेतना, हेच कर्माचे मूळ असल्याने अळ्यांचा नाश हाच उद्देश असलेली प्रक्रिया अनवधानाने घडलेल्या हिंसेच्या सदरात बसत नाही. उलट बाजूने असे म्हणता येईल की ती न केल्यास परक्या प्रदेशात कीड पसरून तेथील बागा, कीटकनाशके आणि अन्य जीव यांच्यावर अधिक मोठे संकट येईल; हा युक्तिवाद बलवान आहे, तथापि तो हिंसेचे प्रमाण कमी ठरवतो, तिचे अस्तित्व नाकारत नाही.

विनयाचा नियम येथे एका वेगळ्या अंगाने उपयोगी पडतो. फळाला अग्नी लावणारा भिक्षू नसून कप्पियकारक, म्हणजे संघाची सेवा करणारा गृहस्थ असतो. त्यामुळे खाणाऱ्याचे शील राखले जाते, पण कृतीचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर जातो. टोकियोतील ग्राहक आणि वाशीतील प्रक्रिया यांच्यातही असेच अंतर आहे. मात्र भिक्षूला समोर घडणारी कृती माहीत असते, तर ग्राहकाला ती ठाऊकही नसते, आणि ज्ञानाशिवाय संयम संभवत नाही.

म्हणून उष्णतेला शुद्धीचे साधन मानण्यापेक्षा तिला अखेरचा उपाय मानणे अधिक सुसंगत ठरते. फळ झाडावर असतानाच त्यावर कागदी पिशवी बांधली, तर फळमाशीला अंडी घालता येत नाहीत, आणि जो जीव फळात शिरलाच नाही त्याला मारण्याची वेळही येत नाही. असा प्रतिबंध सर्वत्र पुरा पडत नाही आणि त्याला मजुरीही लागते. तरीही अहिंसेचा आग्रह धरणाऱ्या समाजाने ती मजुरी फळाच्या किमतीत मान्य करणे, हीच त्या आग्रहाची खरी कसोटी होय.