झाकलेला दोष आणि हलाल कमाई



१ जून ते ३१ जुलै हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीच्या बंदीचा काळ. हर्णै, जयगड, मिरकरवाडा, नाटे अशा बंदरांतील नौका या दिवसांत विसावतात. नौका थांबते, पण तिच्या टाकीत एक व्यवहार गुपचूप चालू असतो. अर्धवट भरलेल्या टाकीत पावसाळी दमट हवा शिरते. गारव्याने त्या हवेतील बाष्पाचे पाणी होते आणि ते टाकीच्या भिंतीवरून ओघळत तळाशी साचते, कारण पाणी डिझेलपेक्षा जड असते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्म जीव वाढतात आणि काळपट, बुळबुळीत गाळ तयार होतो. वरून पाहणाऱ्याला मात्र डिझेल स्वच्छच दिसते.

असे डिझेल धक्क्यावर उभ्या असलेल्या नौकेला फारसा त्रास देत नाही. इंजिन सुरू होते, नौका खाडीतून बाहेर पडते. पुढे वारा वाढला, लाटांनी नौका हेलकावू लागली की तळाचा गाळ आणि पाणी ढवळून वर येते. फिल्टर तुंबतो. पंप आणि नोझलला डिझेलचाच ओलावा वंगण म्हणून लागतो; त्याच्या जागी पाणी गेले की हे भाग गंजतात, झिजतात. इंजिन बंद पडते, आणि तेही नेमके त्या क्षणी, जेव्हा त्याच्यावर खलाशांचे प्राण अवलंबून असतात. शांत पाण्यात लपलेला दोष वादळात उघडा पडतो.

आता एका नाखव्याचा विचार करा. बंदी उठण्याच्या सुमारास त्याच्या लक्षात येते की आपल्या दोन पिंपांतले डिझेल बिघडले आहे. फेकले तर हजारो रुपयांचे नुकसान. त्याच्या मनात तीन वाटा येतात. लिटरमागे चार पैसे कमी घेऊन ते दुसऱ्याला विकावे, मुकाट्याने आपल्याच नौकेत भरावे, किंवा रात्री खाडीत ओतून मोकळे व्हावे. तो म्हणतो, ‘यात मी काही मिसळलेले नाही. पावसाने जे केले त्याचा गुन्हा माझ्यावर कसा?’

वाचकहो, हाच प्रश्न चौदा शतकांपूर्वी मदीनेच्या बाजारात उभा राहिला होता. सहीह मुस्लिममधील हदीस आपण अनेकदा ऐकली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) धान्याच्या एका राशीजवळून जात होते. त्यांनी राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. त्यांनी विचारणा केली असता, धान्यावर पाऊस पडला होता, असे विक्रेत्याने सांगितले. त्यावर आपण (स.) फर्मावले की मग ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि जो फसवतो त्याचा आपल्याशी संबंध नाही.

या हदीसमधील एका गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. त्या विक्रेत्याने धान्यात पाणी ओतले नव्हते. पाऊस अल्लाहच्या आज्ञेने पडला होता आणि त्याबद्दल त्याला कोणी बोल लावला नाही. जाब विचारला गेला तो कोरडे धान्य वर ठेवल्याबद्दल. म्हणजे दोष निर्माण होणे हा अपराध नव्हता. दोष ठाऊक असून तो झाकणे हा अपराध होता. पिंपाच्या तळाशी पाणी आणि वर स्वच्छ डिझेल, हे त्या राशीचेच दुसरे रूप नाही काय?

‘पण मी भाव कमी केला,’ असे कोणी म्हणेल. भाव कमी करणे म्हणजे दोष सांगणे नव्हे. घेणारा त्या सवलतीला आपले नशीब समजतो आणि निश्चिंत मनाने समुद्रात जातो. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आले आहे की विकणारा व घेणारा खरे बोलले आणि त्यांनी सर्व काही स्पष्ट केले तर त्यांच्या सौद्यात बरकत होते, आणि लपवाछपवी केली तर ती बरकत पुसली जाते.

‘मलाही फसवूनच हे डिझेल विकले गेले,’ असे म्हणणाऱ्याचे दुःख खरे आहे. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणारे आपल्या समाजात आहेत. तेलातील भेसळ रोखू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ जिवंत जाळण्यात आले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. फसवल्या गेलेल्या ग्राहकाला इस्लामी धर्मशास्त्राने हक्क दिला आहे; मालात जुना दोष आढळला तर तो माल परत करू शकतो. मात्र हा हक्क ज्याने विकले त्याच्याविरुद्ध आहे. तिसऱ्या निरपराध माणसाकडून आपली भरपाई काढण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. जुलूम पुढे ढकलल्याने संपत नाही, त्याचा एक वाटेकरी वाढतो.

दुसरी वाट याहून गंभीर आहे. आपल्याच नौकेत ते डिझेल भरताना नाखव्याला वाटते, माल माझा, नौका माझी, यात फसवणूक कोणाची? परंतु नौकेवर जाणार आहेत तांडेल आणि खलाशी. त्यांनी डिझेल विकत घेतलेले नाही, ते तपासण्याची संधीही त्यांना नाही. त्यांचा जीव मालकाकडे अमानत आहे. सूरह यूनुसमध्ये अल्लाहने त्या प्रवाशांचे वर्णन केले आहे, ज्यांना चहूबाजूंनी लाटा घेरतात आणि जे निखळ अंतःकरणाने केवळ त्यालाच हाक मारतात. त्या हाकेच्या वेळी किनाऱ्यावर सुखरूप बसलेल्या मालकाचे नाव कोणत्या शब्दांत उच्चारले जात असेल, याचा विचार करावा. प्रेषितांनी (स.) खरा दिवाळखोर कोण हे सांगितले आहे. तो नमाज, रोजे, जकात घेऊन हजर होतो, पण लोकांचे हक्क मारलेले असल्याने त्याची पुण्ये त्यांच्यात वाटली जातात.

तिसरी वाट खाडीत ओतण्याची. स्वतःचे नुकसान टाळण्यासाठी दुसऱ्याला इजा पोहोचवू नये, हे शरियतचे मूलभूत सूत्र आहे. खाडीतले मासे, कालवे, तिसऱ्या यांवर कित्येक गरीब घरांची चूल पेटते. ज्या पाण्यातून आपण रिज्क मागतो त्याच पाण्यात विष ओतणे ही कृतघ्नता होय.

मग करावे काय? बंदीपूर्वी टाकी पूर्ण भरावी, म्हणजे दमट हवेला जागा राहत नाही, किंवा ती पूर्ण रिकामी करून पुसावी. बंदीनंतर तळाची तोटी उघडून पाणी काढावे, फिल्टर बदलावा, थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन रात्रभर स्थिर ठेवावे आणि सकाळी तळ पाहावा. बिघडलेले डिझेल विकायचेच असेल तर घेणाऱ्याला ती बाटली दाखवून, दोष सांगून विकावे. जे कामाचे नाही ते टाकाऊ तेल रीतसर घेणाऱ्याकडे द्यावे आणि तोटा सोसावा.

इमाम अबू हनीफा (रह.) कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने एक सदोष कापड दोष न सांगता विकले आणि ग्राहक कोण हे त्याला आठवेना. चरित्रकार सांगतात की इमामसाहेबांनी त्या मालाची सगळी किंमत सदका करून टाकली. एका कापडाने कोणाचा जीव जाणार नव्हता. डिझेलने जाऊ शकतो.

आपण धक्क्यावर काम करीत नसाल, तरी आपल्याही दुकानात, कचेरीत, घर भाड्याने देताना, मुलामुलींचे लग्न ठरवताना असे एखादे पिंप असते, ज्याचा तळ आपल्याला ठाऊक असतो आणि समोरच्याला नसतो. आज रात्री इशाच्या नमाजनंतर ते एकदा आठवून पाहावे.

अल्लाह आपल्या कमाईला आतून-बाहेरून सारखी निर्मळ ठेवो आणि समुद्रावर गेलेल्या प्रत्येकाला सुखरूप घरी आणो. आमीन.