'लक्ष कुठे असते तुमचे?'



दरवर्षी जून महिन्यात आपल्या चर्चच्या ऑफिसात शालेय फीच्या मदतीसाठी अर्ज घेतले जातात. गेल्या जूनमध्ये एक गृहस्थ तीन वेळा आले आणि तिन्ही वेळा काही ना काही चुकले. पहिल्यांदा रेशनकार्डाची झेरॉक्स नव्हती. दुसऱ्यांदा झेरॉक्स होती, पण शाळेचे पत्र घरी राहिले. तिसऱ्यांदा सगळे कागद होते, मात्र शेवटची तारीख उलटून चार दिवस झाले होते. ऑफिसात आणखी पाच-सहा माणसे बसली होती. त्यांच्या देखत मी म्हणालो, "लक्ष कुठे असते तुमचे? एवढी गरज असती तर तारीख विसरला असता का?" ते हसले. "चुकलो, फादर," एवढेच म्हणाले आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून निघून गेले.

(हे मी त्यांच्या परवानगीने लिहीत आहे आणि काही तपशील बदलले आहेत. ते कोण, हे ओळखण्याचा प्रयत्न कृपया करू नका.)

त्या रात्री मला झोप लागली नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल. मला उत्तम झोप लागली. आपण शिस्तीचे बोललो, असेच मला वाटत होते. तो प्रसंग पुन्हा आठवला तो तीन महिन्यांनी, एका संशोधनाविषयी वाचताना.

अमेरिकेतील बर्मिंगहॅम, शिकागो, मिनिआपोलिस आणि ओकलंड या चार शहरांत १९८५-८६ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. १८ ते ३० वर्षे वयाच्या, कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय अशा पाच हजारांहून अधिक तरुण-तरुणींची नोंद त्यात झाली. हेतू होता हृदयविकाराची कारणे शोधण्याचा. पण त्यांच्या घरच्या उत्पन्नाचीही नोंद ठेवली गेली, २०१० पर्यंत सहा वेळा. तोवर ही मंडळी पन्नाशीच्या आसपास आली होती. मग त्यांच्या स्मरणशक्तीच्या आणि विचारांच्या वेगाच्या चाचण्या झाल्या. त्यांपैकी सुमारे ३,४०० जणांच्या नोंदी एडिना झेकी अल हझूरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. सरकारी दारिद्र्यरेषेच्या दुपटीहूनही कमी उत्पन्नात ज्यांनी ही सगळी वर्षे काढली होती, ते ही वेळ कधीच न आलेल्यांपेक्षा चाचण्यांत मागे पडले. विशेषतः अंक आणि खुणा भराभर जुळवण्याच्या चाचणीत.

पन्नाशी हे काही म्हातारपण नव्हे. माझेच वय त्याच्या जवळ आले आहे.

तुमच्यापैकी काहींच्या मनात लगेच येईल, आणि माझ्याही आले, की हे उलटे असेल. मुळात बुद्धीने मागे म्हणून माणूस गरीब राहिला असेल. संशोधकांनाही ही शंका होती. म्हणून त्यांनी केवळ उच्चशिक्षित माणसे वेगळी काढून पाहिली. तेथेही चित्र साधारण तसेच होते. अर्थात अशा अभ्यासातून दोन गोष्टींचा संबंध दिसतो, एकीमुळेच दुसरी झाली हे सिद्ध होत नाही. ताण, अपुरी झोप, पुढे ढकललेली औषधे, निकृष्ट अन्न, यांतील कशाचा किती वाटा, हे वेगळे काढणे कठीण आहे. गरिबाच्या घरी ती सगळी एकत्रच नांदतात.

दुसरा अभ्यास आपल्या देशातला आहे. तमिळनाडूतील ५४ गावांमधील ४६४ ऊस शेतकऱ्यांचा. उसाचे पैसे वर्षातून एकदा हाती येतात. तोडीच्या आधीचे महिने उधारीचे आणि दागिने गहाण ठेवण्याचे, तोडीनंतरचे जरा मोकळे. कारखाने तोडीची पाळी वेगवेगळ्या महिन्यांत देतात, त्यामुळे फरक केवळ हवामानामुळे किंवा सणामुळे पडला असे म्हणता येत नाही. एकाच शेतकऱ्याची चाचणी तोडीच्या आधी आणि नंतर घेतली. माणूस तोच, शिक्षण तेच. पण पैसे आल्यावर त्याची उत्तरे अधिक बरोबर आणि अधिक लवकर आली. हा निबंध २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला आणि त्यावर पुष्कळ चर्चा झाली. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की २०१६ साली अमेरिकेत पगाराच्या आधी आणि पगारानंतर अशी तुलना झाली, तेव्हा बुद्धीच्या कामात फरक आढळला नाही. मला यावरून असे वाटते की येणार हे नक्की माहीत असलेल्या पगाराची वाट पाहणे वेगळे आणि वर्षानुवर्षे न सुटणारा गुंता डोक्यात बाळगणे वेगळे. हे माझे मत आहे, शास्त्रज्ञांचे नव्हे.

हे वाचता वाचता मला आई आठवली. आम्ही पाच भावंडे. बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा मी सातवीत होतो. आईला प्रत्येक पैशाचा हिशोब तोंडपाठ असे. कोणत्या दुकानात तांदूळ चार आण्यांनी स्वस्त, कोणाचे किती द्यायचे, कोणाला 'पुढच्या आठवड्यात' सांगितले आहे, सगळे बोटांवर. आणि तीच आई माझ्या शाळेतील बक्षीस समारंभाची तारीख विसरली. मी दोनदा सांगितले होते. सगळ्यांच्या आया आल्या, माझी आली नाही. घरी येऊन मी तिला म्हणालो, "तुला माझी काही पडलेलीच नाही." ती तेव्हा आज मी आहे त्यापेक्षा वयाने लहान होती. तिने काही उत्तर दिले नाही. मी पिशवी भिरकावली होती ती उचलून खुंटीला लावली. तिचे डोके रिकामे नव्हते, ते काठोकाठ भरलेले होते. हे कळायला मला तीस-पस्तीस वर्षे आणि परदेशातील एक संशोधन लागले, याची थोडी लाज वाटते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांच्या 'विवेक' या सद्‌गुणावर मी परीक्षेत लांबलचक उत्तर लिहिले होते. योग्य वेळी योग्य निर्णय घेण्याची सवय म्हणजे विवेक. थॉमस त्याचे आठ घटक सांगतात आणि त्यात पहिले नाव स्मरणशक्तीचे आहे. पुढे दूरदृष्टी आणि सावधगिरीही येते. उत्तराला चांगले गुण मिळाले. पण एक प्रश्न तेव्हा मला सुचला नाही. माणसाची स्मरणशक्ती आणि दूरदृष्टी जर दुसरीकडेच खर्च होऊन गेली असेल, तर विवेक त्याने कोठून आणायचा? थॉमस यांना हे ठाऊक होते असे आता वाटते, कारण राज्यकारभारावरील त्यांच्या ग्रंथात त्यांनी म्हटले आहे की सदाचाराने जगण्यासाठी शरीराच्या गरजा पुरेशा भागणेही लागते, जरी त्यांचा दर्जा दुय्यम, साधनाचा असला तरी. आम्ही धर्मगुरू 'दुय्यम' हा शब्द लक्षात ठेवतो आणि 'लागते' हा विसरतो.

आणि गरिबीचे गोडवे तर आम्ही फारच गातो. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी दारिद्र्य निवडले होते. मुलाची फी भरायची म्हणून ते रात्री जागले नाहीत. मी धर्मप्रांताचा धर्मगुरू, दारिद्र्याचे व्रत मी घेतलेलेही नाही. घेतले असते तरी उद्याचे जेवण कोण करणार हे मला माहीत असते. निवडलेली गरिबी मन मोकळे करते असे संत सांगतात, ते खरे असेल. गळ्यात पडलेली गरिबी मनाचे काय करते हे त्यांना नव्हे, तुमच्या शेजाऱ्याला विचारायला हवे.

आता एक आक्षेप, जो मला स्वतःलाच अडवतो. आपण असे म्हणू लागलो की टंचाईने माणसाचे डोके चालत नाही, तर तो त्याचा नवा अपमान नाही का? एका वृद्ध आजोबांशी मी हे बोललो तेव्हा ते चिडले. "आम्ही काय कमी गरिबी काढली, फादर? आमची डोकी ठिकाणावर होती." त्यांचे खरे आहे. चाचण्यांतून सरासरी कळते, अमुक एक माणूस कळत नाही. आणि 'त्याला काय समजते' असे म्हणून एखाद्याच्या वतीने आपणच निर्णय घेऊ लागलो, तर मदतीच्या नावाखाली त्याचे स्वातंत्र्यही काढून घेऊ. तो माणूस आपल्या कृतीला जबाबदार आहेच; जबाबदार नाही असे म्हणणे म्हणजे तो माणूस नाही असे म्हणणे. पण ख्रिस्तसभेची शिकवणही येथे सावध आहे. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे की भीती, दडपण, अनवधान, मानसिक आणि सामाजिक परिस्थिती यांमुळे एखाद्या कृतीचा दोष कमी होऊ शकतो, कधी नाहीसाही होतो. पापनिवेदन ऐकताना मी हे पाळतो. ऑफिसच्या टेबलावर मात्र पाळले नाही.

सप्टेंबरअखेर मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो. क्षमा मागितली. ते पुन्हा हसले. चहा झाल्यावर सहज विचारले की एकूण देणी किती ठिकाणी आहेत. आकडा त्यांना पटकन सांगता आला नाही, पत्नी सांगू लागली: पतपेढीचा हप्ता, सोने तारण, किराणा दुकान, भिशी, मेहुण्याचे, शाळेचे, आणि मोबाईलवरून घेतलेले एक कर्ज. सात. बारा वर्षांपूर्वी नोकरी गेल्यापासून हे चक्र चालू आहे. ते म्हणाले, "सकाळी उठलं की पहिलं ठरवायचं, आज कोणाचा फोन उचलायचा नाही." शाळेची तारीख त्यांना माहीत होती, फादर. घरी भिंतीवर लिहून ठेवली होती. त्या दिवशी भिशीवाला दारात बसला होता. (मी येथे 'फादर' लिहिले, कारण ते तसे म्हणाले, आणि ते वाक्य त्यांच्याच आवाजात माझ्या कानात राहिले आहे.)

सात हा आकडा महत्त्वाचा आहे. सिंगापूरमध्ये मेथडिस्ट मंडळींच्या एका समाजसेवी संस्थेने दीर्घकाळ कर्जात असलेल्या गरीब लोकांची कर्जे एकदाच फेडून दिली, प्रत्येकी ५,००० सिंगापूर डॉलरपर्यंत. संशोधकांनी अशा १९६ जणांची चाचणी आधी आणि तीन महिन्यांनी घेतली. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. लोकांची चिंता कमी झाली आणि डोके अधिक नीट चालू लागले. लक्षात घेण्यासारखी बाब पुढे आहे. फरक पडला तो किती रक्कम फिटली यापेक्षा किती खाती पूर्ण बंद झाली यावर. रक्कम सारखीच, पण एकाची दोन खाती मिटली आणि दुसऱ्याची चार, तर चारवाल्याचे मन अधिक मोकळे झाले. प्रत्येक उघडे खाते म्हणजे डोक्यात सतत वाजणारी एक वेगळी घंटा.

आपल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या बैठकीत मी हे मांडले. आपण प्रत्येक घराला थोडेथोडे देतो. ते सगळे कर्जात विरघळते आणि एकही खाते बंद होत नाही. त्याऐवजी काही कुटुंबांची एखाद-दोन लहान देणी पूर्ण मिटवावीत का? खजिनदार म्हणाले, "फादर, मग बाकीच्यांना काय सांगायचे? या वर्षी तुम्हाला काही नाही?" बरोबर बोलले. माझ्याकडे याचे पुरते उत्तर नाही. तासभर वाद झाला. अखेर नेहमीची मदत थोडी कमी करून तीन घरांचे किराण्याचे खाते मिटवायचे ठरले. हे न्याय्य झाले की नाही, यावर अजून आमचे एकमत नाही.

जाता जाता जुन्या करारातील एक नियम सांगतो, कारण तो तुमच्या-माझ्या हातात आहे. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, असे अनुवाद ग्रंथाच्या २४ व्या अध्यायात सांगितले आहे, आणि कारणही दिले आहे: तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीवर लागलेला असतो. आपल्या वाडीत, घरात, दुकानात कामाला येणाऱ्यांना आपण 'शनिवारी एकदम देतो' असे किती सहज म्हणतो. आपल्या दृष्टीने पैसे तेवढेच असतात.

शाळेच्या मदतीचा अर्ज आता एका पानाचा केला आहे. रेशनकार्डाची झेरॉक्स ऑफिसातच काढली जाईल; शाळेला फोन आम्ही करू. शेवटची तारीख ठेवलेली नाही, जुलैअखेर कोणी आले तरी अर्ज घेतला जाईल. जुन्या चारपानी अर्जांचा एक गठ्ठा कपाटात उरला आहे. शेवटच्या पानाची मागची बाजू कोरी आहे, गायन मंडळाला हवा असल्यास घेऊन जावा.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू